दंड भरला, पण नोंद राहिली: गुन्ह्याचं रेकॉर्ड पुसता येतं का?

"मॅडम, हा रकाना कोरा ठेवला तर चालेल का?"

पोलीस भरतीत त्याचं मैदानी झालं, लेखी झालं, निवड यादीत नावही लागलं. आता चारित्र्य पडताळणी आली होती. प्लास्टिकच्या फाइलमधून त्याने साक्षांकन नमुना काढून माझ्यापुढे ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तुम्हाला कधी अटक झाली होती का, तुमच्यावर खटला चालला होता का, न्यायालयाने तुम्हाला दंड किंवा शिक्षा केली होती का, असा तो प्रश्न. खोटी माहिती दिल्यास किंवा माहिती दडवल्यास उमेदवार अपात्र ठरेल, ही सूचना त्याच कागदाच्या माथ्यावर ठळक छापलेली होती.

२०१९ च्या विसर्जन मिरवणुकीत दोन मंडळांची पोरं एकमेकांना भिडली. पोलिसांनी दोन्हीकडच्या मुलांवर गुन्हा नोंदवला. कलम १६०, सार्वजनिक ठिकाणी मारामारी. जुन्या दंड संहितेत या कलमाला जास्तीत जास्त एक महिना कैद किंवा १०० रुपये दंड होता. दोन वर्षं तारखा पडत राहिल्या. दर तारखेला मजुरी बुडायची. मग कोर्टाच्या आवारात कुणीतरी सल्ला दिला, "कबूल करून टाक. शंभराची नोट भर, आजच्या आज मोकळा होशील." त्याने कबूल केलं, १०० रुपये भरले, पावती घेतली आणि घरी जाऊन आईला सांगितलं की केस मिटली.

केस मिटली होती हे खरं. पण ती कशी मिटली, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कायद्याच्या लेखी त्या दिवशी तो दोषी ठरला होता.

तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना हा प्रसंग मी इतक्या वेळा पाहिला आहे की एकदा सगळं सविस्तर लिहावं असं वाटलं. रेकॉर्ड क्लिअर करून द्या म्हणत माणसं येतात, पण येतात ती केस संपल्यानंतर. आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा केस चालू असतानाच ठरून जातं.

आपल्याकडे पुसायचा कायदा आहे का?

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत एक्सपंजमेंट नावाची सोय आहे. शिक्षा भोगून झाली, ठरावीक वर्षं नवा गुन्हा घडला नाही, दंडाची बाकी उरली नाही आणि मूळ गुन्हा फार गंभीर नसला, तर अर्ज करून जुनी नोंद नष्ट करून घेता येते किंवा सील करून घेता येते. पेनसिल्व्हेनियाने २०१८ साली त्याच्याही पुढचं पाऊल टाकलं. पात्र नोंदी अर्ज न करताच आपोआप सील व्हाव्यात असा कायदा केला. ब्रिटनमध्ये १९७४ पासूनचा कायदा आहे. ठरलेला काळ नीट गेला की बऱ्याचशा शिक्षा कालबाह्य धरल्या जातात आणि साध्या नोकरीच्या अर्जात त्या सांगाव्या लागत नाहीत.

भारतात प्रौढ माणसासाठी असा कुठलाही सर्वसाधारण कायदा नाही. दहा वर्षं सरळ वागलो, आता माझी जुनी शिक्षा पुसून टाका, असा अर्ज द्यायला आपल्याकडे खिडकीच नाही. मला ही मोठी उणीव वाटते. १०० रुपये दंडाची मारामारी आणि दरोडा यांची नोंद सारखीच कायमची राहावी, यात कुणाचं हित आहे ते मला आजवर कळलेलं नाही.

मग आपल्या हाती काय आहे? केस संपण्याचे वेगवेगळे मार्ग. प्रत्येक मार्गाने मागे उरणारा कागद वेगळा, आणि त्या कागदावर पुढे नोकरी, पासपोर्ट, परवाना अवलंबून.

सुरुवात खालून करू. एन.सी. म्हणजे अदखलपात्र तक्रार. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलीस तिचा तपासही करू शकत नाहीत. भावकीतल्या भांडणात एन.सी. झाली म्हणून आयुष्य बरबाद झालं असं धरून बसलेली माणसं मला भेटतात. त्यांना माझं सांगणं असतं की शांत झोपा. चॅप्टर केसही शिक्षा नव्हे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १०७ किंवा ११०, नव्या संहितेत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, १२६ आणि १२९. शांतता राखीन, चांगला वागेन असा बाँड लिहून घेण्याची ती प्रतिबंधक कारवाई आहे, तिच्यात कुणी दोषी ठरत नाही. पोलिसांच्या वहीत मात्र ती राहते आणि पडताळणीच्या वेळी तिच्यावरून विचारणा होऊ शकते.

एफआयआर ही त्यापुढची पायरी. एफआयआर म्हणजे आरोपाची नोंद, गुन्हा सिद्ध झाल्याची नव्हे. तपासात काही निघालं नाही तर पोलीस न्यायालयात समरी पाठवतात. गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडत नाही, ती ए समरी. तक्रारच खोटी आणि द्वेषाने केलेली, ती बी समरी. गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची तक्रार असेल तर सी समरी. फिर्यादीचं म्हणणं ऐकून मॅजिस्ट्रेटने समरी मंजूर केली की तुमच्यापुरतं प्रकरण थांबतं. बऱ्याच लोकांना आपल्या केसमध्ये समरी झाली की नाही हेच ठाऊक नसतं. "पुढे काही आलंच नाही मॅडम," असं सांगतात. काही आलं नाही म्हणून केस बंद झाली असं होत नाही. न्यायालयात जाऊन समरी मंजूर केल्याच्या आदेशाची नक्कल काढून ठेवा.

आरोपपत्र आलं तरी दार बंद होत नाही. कागदपत्रांवरून खटला चालवण्यासारखं काही दिसत नसेल तर डिस्चार्ज, म्हणजे खटला चालण्याआधीच मुक्तता, मागता येतो. नव्या संहितेने त्याला ६० दिवसांची मुदत घातली आहे, ती डोळ्यांत तेल घालून सांभाळावी लागते. आणि पूर्ण खटला चालून सुटलात तर ती निर्दोष मुक्तता. तिच्यातही एक मेख आहे. साक्षीदार फितूर झाले म्हणून सुटणं आणि आरोपच खोटा ठरून सुटणं, याकडे पोलीस दलासारख्या ठिकाणी वेगळ्या नजरेने बघितलं जातं. संशयाचा फायदा मिळून सुटलेल्या उमेदवाराची योग्यता भरती समिती स्वतंत्रपणे तपासू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली मेहर सिंग प्रकरणात म्हटलं आहे. म्हणून सुटलात की निकालपत्र संपूर्ण वाचा, शेवटची ओळ वाचून थांबू नका.

तडजोड, आणि हायकोर्टाचं दार

गावाकडच्या निम्म्याहून अधिक केसेस बांधावरच्या, भावकीतल्या, नाहीतर नवरा-बायकोच्या. वर्षभराने दोन्ही घरं एका मांडवात जेवायला बसतात, पण केस चालूच असते.

साधी दुखापत, शिवीगाळ करून अपमान, धमकी, जमिनीत घुसणं अशा गुन्ह्यांत फिर्यादी स्वतः तडजोड करू शकतो. फसवणुकीसारख्या काही गुन्ह्यांत न्यायालयाची परवानगी घेऊन करता येते. याची यादी जुन्या संहितेत कलम ३२० मध्ये होती, आता ती ३५९ मध्ये आहे. अशी तडजोड नोंदली गेली की तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच असतो. चेक बाउन्सची केस तर अपिलातसुद्धा मिटवता येते.

आता लोकअदालतीच्या दिवसाबद्दल जरा थांबून सांगते, कारण घोटाळा होतो तो इथेच. त्या दिवशी आवारात जत्रेसारखी गर्दी असते आणि एका टेबलावर तडजोडी होत असतात. तिथे सही केलेला माणूस निर्दोष म्हणून बाहेर पडतो. तिथून दहा पावलांवर दुसरी रांग असते, किरकोळ गुन्ह्यांत कबुली देऊन दंड भरणाऱ्यांची. त्या रांगेतला माणूस दोषी ठरून बाहेर पडतो. दोघांच्याही तोंडी वाक्य एकच, "आज केस मिटली."

समन्सच्या छोट्या पोलीस केसेसमध्ये आणखी एक वाट आहे. पुरावाच येत नाही, साक्षीदार सापडत नाहीत अशा स्थितीत मॅजिस्ट्रेट कारणं नोंदवून कार्यवाही थांबवू शकतात. जुनं कलम २५८, नवं २८१. असं झालं तर आरोपी डिस्चार्ज झाला असं समजतात, आणि मुख्य साक्षी होऊन गेल्या असतील तर निर्दोष सुटला असं. माझ्यासमोर बसलेल्या त्या मुलाच्या केसमध्ये दोन वर्षं एकही साक्षीदार आला नव्हता. हा अर्ज तेव्हा करता आला असता. तो मंजूर झालाच असता असं मी म्हणत नाही, पण कुणी केला नाही याचं मला फार वाईट वाटतं.

तडजोडीच्या यादीत न बसणारे गुन्हेही असतात. हुंड्याच्या छळाचं ४९८अ, जे आता नव्या न्याय संहितेत ८५ झालं आहे. कोयत्याने किंवा कुऱ्हाडीने केलेली दुखापत, म्हणजे जुनं ३२४. इथे फिर्यादीने "माझी हरकत नाही" असं कितीही लिहून दिलं तरी तालुक्याचं कोर्ट केस बंद करू शकत नाही, उच्च न्यायालयात जावं लागतं. जुनं कलम ४८२, १ जुलै २०२४ पासून ५२८. एफआयआर किंवा पूर्ण खटलाच रद्द करण्याचा अधिकार तिथे आहे. लोक त्याला क्वॉशिंग म्हणतात.

यात कोण बसतं? सर्वोच्च न्यायालयाने ग्यान सिंग प्रकरणात २०१२ साली रेषा आखून दिली. भांडण मुळात खासगी असेल, घरगुती, व्यापारी, दिवाणी छटेचं, आणि दोन्ही पक्षांचा समेट खरा असेल, तर गुन्हा तडजोडीच्या यादीत नसला तरी उच्च न्यायालय खटला रद्द करू शकतं. खून, बलात्कार, दरोडा यांत नाही. सरकारी नोकराने पदावर असताना केलेल्या भ्रष्टाचारात नाही. लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचारात घरच्यांनी समेट केला म्हणून केस मिटवता येणार नाही, हे २०२४ साली न्यायालयाने पुन्हा बजावलं, आणि ते योग्यच झालं. तडजोडीशिवायही खटला रद्द होऊ शकतो. एफआयआरमध्ये लिहिलेलं सगळं खरं धरलं तरी गुन्हाच होत नसेल, किंवा निव्वळ सूड म्हणून ती दिली असेल, तर भजनलाल प्रकरणात सांगितलेले सात प्रकार आजही आधाराला घेतले जातात.

हायकोर्ट म्हटलं की माणसाच्या पोटात गोळा येतो तो खर्चाने. आमच्याकडून रात्रीच्या एसटीने मुंबई गाठायची, फिर्यादीलाही सोबत न्यायचं, न्यायमूर्तींनी विचारलं तर त्याने स्वतः सांगायचं की समेट राजीखुशीने केला आहे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची मुंबईची फेरी त्यामुळे वाचली. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची खंडपीठं त्यांच्या भागासाठी आहेतच, गोव्याला पर्वरीचं.

आंदोलनातल्या केसेसची वाट निराळी आहे. रास्ता रोको, मोर्चा, दुधाचं आंदोलन, आरक्षणाचं आंदोलन. अशा केसेस मागे घ्यायच्या तर शासन निर्णय निघतो. जीवितहानी झालेली नसावी आणि मालमत्तेचं नुकसान ५ लाखांवर नसावं, या अटी राज्याच्या निर्णयांत राहिल्या आहेत. कोरोनाच्या टाळेबंदीत कलम १८८ खाली, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याबद्दल, विद्यार्थ्यांवर आणि नागरिकांवर दाखल झालेले गुन्हे मागे घेण्याचा निर्णयही २०२२ साली झाला. पण मंत्र्यांनी घोषणा केली म्हणजे केस गेली असं होत नाही. सरकारी वकिलाने स्वतः विचार करून अर्ज द्यायचा आणि न्यायालयाने संमती द्यायची. आरोप ठेवण्याआधी संमती मिळाली तर डिस्चार्ज, नंतर मिळाली तर निर्दोष मुक्तता. पेपरात बातमी वाचून निर्धास्त राहिलेल्या आणि मग वॉरंट घरी आलेल्या दोघा-तिघांची कामं मी स्वतः पाहिली आहेत. आमदार-खासदारांवरची केस तर उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही, असं २०२१ चं सर्वोच्च न्यायालयाचं बंधन आहे.

कबुली, दंड आणि प्रोबेशन

आता त्या १०० रुपयांकडे येते.

गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे शिक्षा. रक्कम १०० असो वा १०,०००. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल कोर्टात भरलेला दंड, जुगाराच्या धाडीनंतर भरलेला दंड, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ११०/११७ खाली सार्वजनिक ठिकाणच्या गैरवर्तनाचा दंड, सगळ्यांना हेच लागू. शिवाय कबुली दिली की दोषी ठरवल्याविरुद्ध अपिलाचा हक्क जवळजवळ संपतो. उरतं ते फक्त शिक्षा किती दिली आणि कायद्याला धरून दिली का, एवढंच.

ज्याच्याविरुद्ध पुरावा खरोखर भक्कम आहे आणि ज्याला कबूलच करायचं आहे, त्यानेही दंड मागण्याआधी १९५८ चा प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अॅक्ट आठवावा. कलम ३ प्रमाणे, पूर्वी शिक्षा झालेली नसेल आणि गुन्हा साधी चोरी, फसवणूक अशा नेमक्या कलमांतला किंवा दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा असेल, तर न्यायालय नुसती समज देऊन सोडू शकतं. कलम ४ त्याहून रुंद आहे. फाशी किंवा जन्मठेप असलेले गुन्हे वगळून बाकीच्यांत चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडता येतं, बाँड जास्तीत जास्त तीन वर्षांचा. २१ वर्षांखालच्या मुलाला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, तुरुंगात पाठवण्याआधी न्यायालयाला कारण लिहावं लागतं.

आणि या कायद्याचा खरा जीव कलम १२ मध्ये आहे. असं सोडलेल्या माणसाला शिक्षेमुळे येणारी कायद्यातली अपात्रता लागत नाही. आपल्याकडे प्रौढांसाठी पुसण्याच्या जवळ जाणारी तरतूद हीच. तरी ती पूर्ण पुसत नाही. दोषी ठरल्याची नोंद उरते, आणि ज्या वागण्यामुळे दोषी ठरला त्यावरून खात्याला कारवाई करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये बक्षी राम प्रकरणात सांगितलं. पण १०० रुपयांची पावती आणि कलम १२ चा आधार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हा अर्ज शिक्षा सुनावण्याआधी करायचा असतो, आणि आमच्याकडे तो करायलाच लोक विसरतात. यात वकीलही आले.

अठराच्या आतलं वय

आपल्या कायद्यात दोषी ठरल्याची नोंद खरोखर नष्ट करायला सांगितली आहे ती एकाच ठिकाणी, मुलांच्या बाबतीत. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात नव्याने सुरुवात करण्याचं तत्त्वच लिहून ठेवलं आहे. कलम २४ म्हणतं की मुलाच्या हातून गुन्हा झाला आणि त्याच्याबाबत या कायद्याखाली निर्णय झाला, तरी त्याला कुठलीही अपात्रता लागणार नाही. अपिलाची मुदत किंवा नियमात ठरलेला काळ उलटला की कागद नष्ट करायचे. २०१६ च्या केंद्रीय नियमांत सात वर्षांची कमाल मर्यादा आहे, त्यापुढे ठेवायचेच नाहीत. अपवाद एक. सोळा वर्षांवरच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला आणि बाल न्यायालयाने त्याचा खटला प्रौढासारखा चालवून त्याला दोषी धरलं, तर ते कागद राहतात.

कलम ७४ मधलं दुसरं उपकलम प्रत्येक आईबापाने माहीत करून घ्यावं असं आहे. मुलाचं प्रकरण प्रलंबित असो, बंद झालेलं असो किंवा निकाली निघालेलं असो, चारित्र्य दाखल्यासाठी किंवा इतर कशासाठीही पोलिसांनी ते रेकॉर्ड उघड करायचं नाही. स्पष्ट मनाई. २०१९ साली रमेश बिष्णोई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की लहान वयात दोषी ठरला असता तरी तो डाग पुढे बाळगायचा नाही, हाच या कायद्याचा हेतू आहे.

वय मोजायचं ते घटनेच्या दिवसाचं. अटकेच्या किंवा निकालाच्या दिवसाचं नाही. घटनेच्या दिवशी सतरा वर्षं अकरा महिने असलेला मुलगा चुकून साध्या कोर्टात प्रौढ म्हणून चालवला गेला असेल, तर हा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर काढता येतो. प्रकरण अखेरचं निकाली निघाल्यावरसुद्धा. पुरावा म्हणून आधी शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी.

म्हणून मी त्या मुलाला पहिल्यांदा दहावीचं प्रमाणपत्र मागितलं. फाइलमध्ये होतं. जन्म मे २००१. विसर्जन १२ सप्टेंबर २०१९. अठरा वर्षं चार महिने. मी कागद त्याच्या हातात परत दिला.

पासपोर्ट, बोटांचे ठसे आणि इंटरनेट

पासपोर्टच्या बाबतीत लोक उगाच घाबरतात आणि उगाच खोटंही लिहितात. नुसती एफआयआर म्हणजे न्यायालयात खटला प्रलंबित असणं नव्हे. आरोपपत्र येऊन न्यायालयाने दखल घेतली की तो प्रलंबित धरतात. प्रलंबित असला तरी त्याच न्यायालयाची परवानगी आणली तर १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे पासपोर्ट मिळतो. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर तो एक वर्षाचा निघतो, म्हणून मुदत आदेशात लिहून घ्या. शिक्षा झाली असेल तर आधीच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा त्याहून जास्त कैद झाली होती का, हे बघतात. १०० रुपयांचा दंड त्यात येत नाही.

अमेरिकेत असलेल्या आपल्या माणसांसाठी एक सावधगिरीची सूचना. तिथल्या राज्याने नोंद एक्सपंज केली तरी ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाच्या कामात ती शिक्षा बहुतेक वेळा मोजली जातेच. त्यांच्या इमिग्रेशन अपील मंडळाची १९९९ पासून हीच भूमिका आहे. राज्याच्या वकिलाने पुसलं म्हणून सांगितलं तरी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय फॉर्मवर "नाही" लिहू नका.

बोटांचे ठसे, फोटो, बुबुळांचे नमुने यांसाठी २०२२ चा वेगळा कायदा आहे. हे सगळं ७५ वर्षं जपण्याची त्यात तरतूद आहे. मात्र पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्याशिवाय सुटला, डिस्चार्ज झाला किंवा सगळे अपील संपून निर्दोष ठरला, तर ते नष्ट करायचे, असंही त्याच कायद्यात आहे. न्यायालयाने कारण देऊन ठेवायला सांगितले तर गोष्ट वेगळी. हा अर्ज करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. सुटलेल्या प्रत्येकाने तो करायला हवा.

पोलिसांच्या संगणकातली नोंद ही रोजची डोकेदुखी. निकाल लागला तरी सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या गुन्हे-नोंदींच्या संगणक प्रणालीत, केस प्रलंबितच दिसते आणि चारित्र्य पडताळणीचा अर्ज अडकतो. निकालाची किंवा रद्द झाल्याच्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल घ्यायची, पोलीस ठाण्यात आणि अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात अर्जासोबत द्यायची, पोच घ्यायची. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

इंटरनेटवरच्या निकालपत्रातलं नाव काढायचा प्रश्न अजून धसाला लागलेला नाही. निर्दोष सुटलेल्या माणसाचं नाव झाकावं असा आदेश मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ साली दिला, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

तो रकाना

कोरा ठेवायचा नाही. हे मी त्याला सर्वांत आधी सांगितलं होतं.

२०१६ साली अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी यावर सविस्तर नियम घालून दिले. फॉर्ममध्ये जे विचारलं आहे त्याचं खरं उत्तर द्यायचं. लहान वयातल्या घोषणाबाजीसारखा क्षुल्लक गुन्हा असेल तर तो लपवला गेला तरी नियोक्ता ती चूक पोटात घालू शकतो. गंभीर गुन्हा लपवला तर नोकरी जाऊ शकते. आणि खरं सांगितलं तरी नोकरी मिळेलच असं नाही, नियोक्त्याला पूर्वेतिहास बघण्याचा अधिकार उरतोच. रेल्वे सुरक्षा दलातल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात २०२२ साली न्यायालयाने असंही सांगितलं की माहिती दडवली एवढ्यावरून डोळे झाकून कुणाला काढता येत नाही, गुन्हा, पद, परिस्थिती सगळं तोलावं लागतं. पण त्या उमेदवाराला त्यासाठी थेट दिल्लीपर्यंत जावं लागलं. आपल्या मुलांनी तिथवर जायची वेळ आणू नये.

आम्ही रकाना भरला. गुन्हा नोंद क्रमांक, खटला क्रमांक, कलम, निकालाची तारीख, दंड १०० रुपये. सोबत एक पानाचं निवेदन जोडलं. त्याने ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं. दोन मंडळांत झटापट झाली, मी अठरा वर्षांचा होतो, त्यानंतर माझ्यावर कुठलाही गुन्हा नाही. "मी निर्दोष होतो" असं वाक्य त्याने आधी लिहिलं होतं. तू कबुली दिली आहेस, ते इथे चालणार नाही, असं म्हटल्यावर तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसला. मग खोडून दुसरा कागद घेतला.

दुसरं काम नक्कल विभागात. कबुली आरोपीने वापरलेल्या शब्दांत, जमेल तितकी जशीच्या तशी नोंदवावी असं संहिता सांगते. छापील नमुन्यावर नुसती सही घेतली असेल तर सत्र न्यायालयात रिव्हिजन, म्हणजे त्या आदेशाच्या फेरतपासणीचा अर्ज, करता येते. तिची मुदत ९० दिवसांची होती आणि ती उलटून वर्षं झाली आहेत, त्यामुळे सोबत विलंब माफीचा अर्ज लागेल. आशा फार मोठी नाही, हे मी त्याला लपवलं नाही. त्याचे वडील दाराशी उभे होते. त्यांनी विचारलं, "नकलेला किती पैसे लागतील, मॅडम?" मी आकडा सांगितला. त्यांनी ते लगेच काढून ठेवले आणि मी रोजनाम्याच्या व कबुलीच्या नकलेचा अर्ज लिहायला घेतला.